हजेरीराव जंगलात हजर

वनखात्याच्या अर्जात चौथा रकाना 'कोठून' असा होता आणि पाचवा 'कोठे' असा. हजेरीरावांनी सुवाच्य अक्षरात दोन्हीकडे 'मुख्य फाटक' असं लिहिलं आणि तिथूनच सगळं बिनसायला सुरुवात झाली.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज जवळ धरून वाचला, लांब धरून वाचला, आणि मग चष्म्यावरून हजेरीरावांकडे बघितलं.

"जिथून निघणार तिथंच येणार?"

"हो. वाट गोल आहे ना. डोंगराला वळसा घालून परत फाटकाशी."

"मग जाता कशाला?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न हजेरीरावांनाही पडला होता, पण सरकारी खिडकीबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने आपल्या शंका आपल्याजवळ ठेवायच्या असतात. ते म्हणाले, "चालायला." अर्जात 'प्रयोजन' या सदराखाली संशोधन, चित्रीकरण, मधमाश्यांची गणना आणि हरवलेले जनावर शोधणे असे चार पर्याय होते. चालणे नव्हतं. शेवटी तोडगा निघाला तो असा: जाण्याचा एक अर्ज, मुख्य फाटक ते खांब क्रमांक तीन, येण्याचा दुसरा, खांब क्रमांक तीन ते मुख्य फाटक. प्रयोजन, हरवलेले जनावर शोधणे. परतीचा अर्ज दोन दिवसांत मंजूर होऊन आला. जाण्याचा मात्र आठवडाभर अडकून पडला, त्यामुळे तो आठवडाभर हजेरीरावांना डोंगरावरून परत यायची पूर्ण मुभा होती, जायची नव्हती.

हजेरीराव हे अर्थातच टोपणनाव. ते कचेरीचं मस्टर सांभाळायचे, आणि तीस वर्षांत त्यांनी मस्टर सांभाळलं की मस्टरने त्यांना, हे सांगणं अवघड आहे. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं झाली की त्यांची लाल रेघ पडायची. सही आहे तर माणूस आहे, सही नाही तर माणूस नाही, असा त्यांचा साधा सरळ सिद्धांत होता. एकदा एक जण अकराला आला आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करत बसला. हजेरीराव दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. गैरहजर माणसाशी बोलायचं काय?

असा माणूस सहलीच्या भानगडीत पडला तो वरिष्ठ कार्यालयाच्या परिपत्रकामुळे. कर्मचाऱ्यांनी कुटुंबासह एक दिवस निसर्गात चालावे आणि हजेरीसह अहवाल सादर करावा, असं त्यात म्हटलं होतं. बाकीच्यांचे डोळे 'निसर्ग' या शब्दावर गेले, यांचे 'हजेरीसह' या शब्दावर. त्यांनी त्याच दिवशी एक नवं कोरं मस्टर काढलं आणि त्यात पाच रकाने आखले. वाटेवर पिवळ्या रंगाचे पाच खांब होते, दर खांबाला एक सही.

इमारतीत ही बातमी पसरायला अर्धा दिवस लागला. खालच्या मजल्यावर एक निवृत्त ओव्हरसियर राहायचे. त्यांनी आयुष्यभर रस्ते बांधले होते, त्यामुळे जमिनीवरून चालणाऱ्या प्रत्येक माणसाला सल्ला देणं हे ते आपलं कर्तव्य समजत. मोजे उलटे घाला, फोड येत नाहीत. जनावर दिसलं तर मोठ्याने पाढे म्हणा, जनावर गोंधळतं. पाणी प्यायचं ते उभ्याने नाही, बसूनही नाही, टेकून. शेवटी "तुम्हाला एकट्याला सोडायला मन होत नाही हो" असं म्हणत त्यांनी स्वतःचं नाव यादीत घालून घेतलं.

आता हजेरीरावांच्या बायकोचं सांगायला हवं, कारण खरा पेच तिथेच होता.

हजेरीरावांना बायको विसरून यायची खोड होती. म्हणजे प्रेम नव्हतं अशातला भाग नाही. ते चालायचे भरभर, ती चालायची दोन्हीकडे बघत, आणि घराचं कुलूप उघडताना त्यांच्या लक्षात यायचं की आपल्या मागे कुणी नाही. एकदा ती चपलांच्या दुकानात एक पाय नव्या चपलेत आणि एक पाय जुन्या चपलेत घालून बसलेली असताना ते घरी येऊन चहा पिऊन मोकळे झाले होते. एकदा स्वतःचाच रक्तदाब तपासायला गेले आणि तिला दवाखान्यातच सोडून आले. ती बिचारी त्यांची फाइल मांडीवर घेऊन दोन तास बसली होती. डॉक्टरांनी शेवटी तिचाच रक्तदाब तपासला आणि तो वाढलेला निघाला.

तिची मोठी बहीण दरवर्षी आपल्या मैत्रिणींबरोबर पंधरा दिवस फिरायला जायची. ही दरवर्षी विचारायची, हजेरीराव दरवर्षी "घर कोण बघणार?" असं म्हणायचे. या वेळी तिने वेगळाच डाव टाकला.

"मी येते तुमच्या डोंगरावर," ती म्हणाली. "जशी नेलीत तशी परत आणलीत, तर ताईबरोबर जायचं नाव परत काढणार नाही. आणि विसरलात, तर पंधरा दिवस मी चालले. घर तुम्ही बघा."

"अगं, या वेळी मस्टर आहे!" हजेरीराव छाती पुढे काढून म्हणाले.

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

पंधरा दिवस. हजेरीरावांना गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो हेही ठाऊक नव्हतं. त्या रात्री त्यांनी मस्टरमध्ये तिचं नाव सगळ्यात वर घातलं, आणि त्याखाली तांबडी रेघ ओढली.

ठरल्या दिवशी सकाळी आठला दहा जण फाटकाशी जमले. हजेरीरावांच्या पाठीवर पिशवी होती, तिच्यात मस्टर, तीन पेनं, पट्टी आणि गळ्यात शिट्टी. डबा बायकोच्या पिशवीत होता. कचेरीतून आलेल्यांत जावक विभागातल्या बाई होत्या, त्यांना सगळे जावकबाई म्हणत. त्यांचे गुडघे सहलीच्या विरोधात होते. नकाशे विभागातले ड्राफ्ट्समन होते, त्यांनी स्वतः वाटेचा नकाशा काढून आणला होता. नकाशा इतका देखणा होता की भिंतीवर लावावा.

फाटकावरच्या वनरक्षकाने सगळ्यांना आपल्या जाड वहीत सह्या करायला लावल्या. "बाहेर येताना परत प्रत्येकाने सही करायची. वहीत आत गेलेला माणूस वहीतूनच बाहेर आला पाहिजे," तो म्हणाला. हजेरीरावांना तो माणूस एकदम आवडला.

पहिल्या खांबापर्यंत सगळं झकास झालं. झाडी दाट होती, वाट सावलीची होती आणि झाडांवर पिवळे बाण रंगवलेले होते. खांबाशी सगळे रांगेत उभे राहिले, सह्या झाल्या. दुसऱ्या खांबाशी रांग थोडी वाकडी झाली, पण सह्या झाल्या. तिथून निघताना बायको म्हणाली, "अहो, बुटात खडा गेलाय. तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

"हं," हजेरीराव म्हणाले. हा 'हं' कानाने ऐकून तोंडाने दिलेला होता. मधे डोकं आहे, त्याला तो लागलाच नाही.

दुसऱ्या ते तिसऱ्या खांबाचा चढ म्हणजे चढ कसला, भिंत होती. तिसऱ्या खांबाशी पोचेपर्यंत हजेरीरावांच्या तोंडाला फेस आला होता आणि मंडळी वाटेवर जागोजाग सांडली होती. जावकबाई तीस पावलं खाली एका दगडावर बसून ओरडल्या, "माझी करून टाका हो कुणीतरी!" ओव्हरसियरांनी त्यांची सही करून टाकली. ओव्हरसियरांचा हात थकला म्हणून त्यांची ड्राफ्ट्समननी केली. कचेरीत एकमेकांच्या सह्या मारण्याची कला सगळ्यांना अवगत होतीच, फक्त आजवर ती हजेरीरावांच्या पाठीमागे चालायची. आज समोरासमोर चालली होती आणि हजेरीरावांच्या अंगात हरकत घ्यायचंही बळ नव्हतं.

मस्टर परत हातात आलं तेव्हा सगळ्यात वरचा रकाना तेवढा रिकामा होता. बायकोचा. ती मागून येत असेल. ती नेहमीच मागून येत असते. हजेरीरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिची सही केली. त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. सव्वीस वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पार्सलवर, मुलाच्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आणि इमारतीच्या प्रत्येक नोटिशीवर तिची सही तेच करत आले होते. तिच्यापेक्षा त्यांचीच 'तिची सही' जास्त वळणदार होती.

तिसऱ्या खांबापुढे दोन वाटा फुटत होत्या. झाडावरचा पिवळा बाण उजवीकडे दाखवत होता, ड्राफ्ट्समनचा नकाशा डावीकडे.

"बाण कुणीही रंगवतं," ड्राफ्ट्समन म्हणाले. "हा नकाशा मापाने काढलाय."

ओव्हरसियरांनीही डावीकडची वाट पसंत केली, कारण तिचा उतार शास्त्रशुद्ध होता. बाण एक आणि तज्ज्ञ दोन, तेव्हा हजेरीरावांनी बहुमताने डावीकडे शिट्टी फुंकली. तासभर ते झुडपांतून, ओहोळातून, एका पडलेल्या झाडाखालून आणि परत त्याच झाडावरून गेले. जावकबाईंनी आपल्या गुडघ्यांना आणि मग इतरांच्या पूर्वजांना नावं ठेवायला सुरुवात केली. आणि एकाएकी झाडी विरळ झाली आणि समोर पिवळा खांब उभा दिसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जवळ जाऊन बघतात तो त्यावर तीनचाच आकडा होता.

"अहो, पण नकाशात ही वाट सरळ चौथ्या खांबाला जाते!" ओव्हरसियर कडाडले.

ड्राफ्ट्समननी नकाशा उलगडून बघितला आणि खाली मान घातली. "मूळ वाट फार वेडीवाकडी होती," ते हळूच म्हणाले. "कागदावर बरी दिसेना. म्हणून मी ती जरा सुबक केली."

कुणी काही बोललं नाही. बोलण्याजोगं जे होतं ते बायकांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. सगळे मटकन खाली बसले आणि आपापले डबे काढू लागले. हजेरीराव खांबाला टेकले, डोळे मिटले आणि नेहमीच्या सवयीने त्यांनी उजवा हात मागे केला. सव्वीस वर्षं असा हात मागे केला की त्यात काहीतरी येत आलं होतं. पाण्याची बाटली, रुमाल, चष्मा, डबा. आज हात तसाच राहिला.

त्यांनी डोळे उघडले. मागे वळून बघितलं. मागे एक वारूळ होतं.

"आमची ही कुठाय?"

सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. "वहिनी? आत्ता तर होत्या," ओव्हरसियर म्हणाले. म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. ड्राफ्ट्समननी झटकन मस्टर उघडलं. "ही काय सही! तिसऱ्या खांबाला हजर आहेत त्या. काळजीचं कारण नाही."

"सही असली म्हणजे माणूस असतो होय?" हजेरीराव ओरडले. हे आपणच बोललो हे त्यांना क्षणभर खरं वाटेना. इतरांनाही वाटेना.

"पण सही केली कुणी मग?" जावकबाईंनी विचारलं. त्यांनी मस्टर डोळ्यांजवळ नेलं, सहीचं वळण बघितलं आणि हजेरीरावांकडे बघितलं. तीस वर्षं ज्यांच्या लाल रेघा सोसल्या होत्या त्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी बघितलं, आणि मस्टर मिटून त्यांच्या हातात दिलं. त्या बघण्याने हजेरीराव अर्धे झाले.

मग ते धावत सुटले. पंधरा दिवस, गॅस, पैज, काहीही त्यांच्या डोक्यात नव्हतं. ज्या चढाने त्यांचा जीव घेतला होता तोच चढ ते उलट्या दिशेने, अर्धा पायांवर आणि अर्धा बैठकीवर, उतरले. दुसऱ्या खांबाशी कुणी नव्हतं. त्यांनी शिट्टी फुंकली. मग हाका मारल्या.

"अगं! अगं ए!"

"काय हो, काय आहे?" मागून धापा टाकत येणाऱ्या जावकबाई वैतागून म्हणाल्या.

"तुम्हाला नाही!"

तेव्हा हजेरीरावांच्या ध्यानात आलं की आपण तिला इतकी वर्षं 'अगं'च म्हणत आलोय, आणि या हाकेला जंगलातली कुठलीही बाई ओ देऊ शकते. त्यांनी एकवार मागे बघितलं, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बायकोचं नाव घेऊन हाक मारली. पहिल्यांदा ते नाव चोरून आल्यासारखं बाहेर पडलं. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. मग ते एकसारखे ओरडतच राहिले, घसा बसेपर्यंत. ते फार घाबरले होते. कुणी सोबतीला आहे की नाही, कुणी हसतंय की काय, याची त्यांना शुद्ध नव्हती. हसत कुणीच नव्हतं. उलट ओव्हरसियरही तेच नाव घेऊन ओरडायला लागले, मग ड्राफ्ट्समन, मग सगळे.

शोधता शोधता चार वाजले, पाच वाजले. वनरक्षकाला शिट्टी ऐकू जाईल, तो माणसं घेऊन येईल, असं हजेरीराव दर दहा मिनिटांनी म्हणत होते. कुणी आलं नाही. शेवटी जावकबाईंनी सूत्रं हाती घेतली. नकाशा त्यांनी घडी घालून आपल्या कमरेला खोचला, म्हणजे तो कुणाला दिसायला नको, आणि पिवळ्या बाणांमागून सगळ्यांना चालवत नेलं. तिसरा खांब, चौथा, पाचवा. सही कुणी केली नाही. मस्टर हजेरीरावांच्या पिशवीतच राहिलं.

साडेसहाला फाटक दिसलं. फाटकाशेजारी वनरक्षकाची चौकी, चौकीच्या दारात एक बाकडं, आणि बाकड्यावर हजेरीरावांची बायको. मांडीवर डबा होता.

हजेरीरावांना धावत जाऊन तिचे हात धरावेसे वाटले. डोळे भरून आले होते. तोंडातून मात्र निघालं, "सही न करता कुठं गेली होतीस?"

"बाण होते, त्यांच्यामागून आले," ती म्हणाली. "तिसऱ्या खांबाशी कुणीच नव्हतं. म्हटलं, तुम्ही पुढे गेला असाल. नेहमी पुढेच जाता. तीनलाच पोचले मी. बघते तो इथंही कुणी नाही." मग डब्याचं झाकण दाबत म्हणाली, "हाक ऐकली मी. इथपर्यंत आली."

यावर हजेरीरावांना काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं, कारण वनरक्षक वही घेऊन बाहेर आला होता.

"तुम्ही कोण?" त्याने नऊ जणांना विचारलं.

"कोण म्हणजे? सकाळी आत गेलो नाही का आम्ही?"

"गेलात की. आणि तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर पण आलात." त्याने वही समोर धरली. बाहेर येण्याच्या पानावर दहाच्या दहा सह्या होत्या. हजेरीरावांची होती, शेवटच्या अक्षराखालच्या त्यांच्या खास दोन टिंबांसकट. ओव्हरसियरांची होती, ड्राफ्ट्समनची होती, जावकबाईंची तर जावकबाईंपेक्षा बरी होती.

बायकोने खाली बघितलं. "सव्वातीनला वही बंद होते असं हे वनरक्षक म्हणाले. म्हटलं, येतीलच दहा मिनिटांत, उगीच तुम्हाला दंड नको. म्हणून वही माझ्यापुढे ठेवून ते आत चहा टाकायला गेले तेवढ्यात सगळ्यांच्या करून टाकल्या. सकाळी वहीत बघितल्या होत्या, सोप्या होत्या."

"आणि मग शिट्ट्या ऐकू आल्या, तेव्हा सांगितलं नाहीस यांना?" हजेरीरावांनी वनरक्षकाकडे बोट केलं.

"दहादा सांगितलं! म्हटलं, माझा नवरा आहे तो. हे म्हणाले, तुमचा नवरा तीन दहाला बाहेर आलाय, ही सही बघा. मी म्हटलं, ती मी केलीय. तर म्हणतात, इतकी हुबेहूब कोण करेल?"

वनरक्षक गंभीर होता. वहीप्रमाणे हे नऊ जण बाहेर गेलेले होते, तेव्हा आता जे आतून आले ते विनापरवाना आत शिरलेले कुणीतरी होते. हजेरीरावांनी पुरावा म्हणून आपलं मस्टर काढून दिलं. त्याने ते चाळलं. मस्टरप्रमाणे बाई सव्वाअकराला तिसऱ्या खांबावर सगळ्यांबरोबर होत्या. बाई म्हणत होत्या, तिथं कुणीच नव्हतं. त्याने दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हीकडे खाडाखोड नव्हती, दोन्हीकडे सह्या पूर्ण होत्या आणि दोन्हीकडे एक अक्षर खरं नव्हतं.

"आणि ते जनावर? अर्जात लिहिलेलं? सापडलं का?"

"हे काय, आत्ताच आलं," बायको म्हणाली.

शेवटी वनरक्षक म्हणाला की, हे निस्तरायचं असेल तर सहलप्रमुखाने लेखी खुलासा द्यावा, नाहीतर फाटक उघडणार नाही. लेखी खुलासा! तीस वर्षं हजेरीरावांनी दुसऱ्यांकडून खुलासे घेतले होते, त्यांतल्या सबबी तांबड्या शाईने अधोरेखित केल्या होत्या. आज चौकीच्या टेबलावर त्यांच्यापुढे कोरा कागद आला आणि आठही जण दारात दाटीवाटीने उभे राहिले. जावकबाई तर सगळ्यांत पुढे, गुडघे विसरून.

हजेरीरावांनी लिहायला सुरुवात केली, आणि वनरक्षक ते मोठ्याने वाचू लागला. "मी खाली सही करणार लिहून देतो की, खांब क्रमांक तीनवर माझी पत्नी हजर नसताना मी तिची सही केली. ती मागून येत असेल असे धरून चाललो. मागे वळून पाहिले नाही. ती नाही हे मला भूक लागल्यावर कळले." तो थांबला. "कारण लिहा. कारणाशिवाय खुलासा होत नाही."

हजेरीरावांनी बराच वेळ विचार केला आणि 'कारण: सवय' असं लिहिलं. असली कारणं त्यांनी स्वतः कधीच मंजूर केली नसती. मग आपण होऊन त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, "त्यानंतर मी फार घाबरलो."

"हे कशाला?" वनरक्षक म्हणाला. "हे खुलाशात बसत नाही. खोडा."

"राहू द्या ते," बायको म्हणाली. तिने डब्याचं झाकण काढून डबा हजेरीरावांपुढे सरकवला आणि म्हणाली, "जाऊ द्या. घाबरलात ना, पुरे झालं. पैज सोडून दिली मी. कुठं नाही जात ताईबरोबर."

हजेरीरावांच्या जिवात जीव आला. जावकबाईंनी पदराने नाक पुसलं. ओव्हरसियरांनीही दुसरीकडे तोंड फिरवलं. वनरक्षकाने कागद परत टेबलावर ठेवला आणि तळाशी बोट टेकवलं.

"इथं सहलप्रमुखाची सही. आणि त्याखाली 'मजकूर मान्य' म्हणून बाईंची. झालं की जा."

हजेरीरावांनी एका हाताने डब्यातला घास तोंडात टाकला, दुसऱ्या हाताने आपली सही केली, शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं दिली, आणि तसाच हात खाली नेऊन तिचीही करून टाकली.

हजेरीरावांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. वनरक्षकाने न बोलता दुसरा कोरा कागद काढून टेबलावर ठेवला. बायकोने हजेरीरावांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"वीस दिवस," ती म्हणाली.